चिन्याच्या दुकानातली खुर्ची

इंद्राणीची चूल सरकारी मदतीवरच पेटायची. ती मदत चालू ठेवावी का, हे ठरवायला साहेब घरोघर येणार म्हटल्यावर तिने अंगण सारवलं, चिन्याच्या दुकानातून खुर्ची मागून आणली आणि व्हॅनिला घालून चहा केला.

"आई, आज तरी गरीब दिस गं!" लेक म्हणाली.

"पाहुण्यासमोर? काही लाज आहे का?"

साहेब खुर्चीत ऐसपैस बसले, चहा प्यायले आणि खूश झाले. "काकी, मदत अगदी अंगी लागली हो तुमच्या! आता बंद केली तरी चालेल."

साहेबांची पाठ वळताच शेजारची निर्मला मागच्या दाराने धावत आली. "खुर्ची दे लवकर, आता माझ्याकडे येतायत!"

संध्याकाळपर्यंत त्या एका खुर्चीने अख्खी आळी गरिबीतून वर काढली.