सुकाणूवर कुणी नाही

"अहो, चहा देऊ का?" मोटारबोटीच्या केबिनमधून हेमांगीने विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून ती वर आली. सुकाणू आपोआप हलत होतं, बोट नाकासमोर चालली होती आणि हरिभाऊ कुठेच नव्हते.

दर वेळी खाडीच्या मुखाशी ते समुद्राला नारळ देत, तेव्हा सुकाणू ती धरत असे. आज म्हणाले होते, "तू पड जरा. आता हे नवं यंत्र बोट हाकतंय. तुझ्यासारखे टोमणे तरी मारत नाही!" नारळ सोडताना त्यांचा तोल गेला असणार. यंत्राला त्याचं काय?

तिने यंत्र बंद केलं आणि बोट वळवली. आलेल्या वाटेची रेघ शेजारच्या नकाशाच्या पडद्यावर होती. तीच धरून ती मागे निघाली. मुखाशी येताच तिने इंजिन थांबवलं. बोट त्यांच्याच अंगावर गेली तर?

चहूकडे नुसतं पाणी. कठड्याला धरून ती कान देऊन ऐकू लागली.

मग डावीकडून घोगरा, दमलेला आवाज आला, "कधीचा हाका मारतोय गं!"