सगळं बुजवा

"सुकली का?" समाधानने पुन्हा विचारलं.

गाडीच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याला पुट्टीचा राखाडी थर लागला होता. गॅरेजवाल्या ईश्वरभाऊंनी नखाने टोकरून पाहिलं. "तुम्ही इथून हललात तर सुकेल. तुमच्याच धाकाने ओली राहिलीये ती."

"अजून हार्डनर टाका ना."

"टाकतो. तडकली की परत या, मी इथेच आहे."

समाधान दारापर्यंत गेला, परत आला. गाडी मोठ्या भावाची, लीलाधरची. तो संध्याकाळच्या बसने धुळ्याहून येणार. जाताना त्याने पहिल्यांदाच चावी समाधानच्या हातात दिली होती, आणि समाधानने काल मेहरूण तलावाजवळ गाडी दगडी खांबाला ठोकली होती. लीलाधर गाडी रोज स्वतः पुसतो. एका हातात फडकं, दुसरा तळहात पत्र्यावर. डोळे फसतील, तो तळहात कसा फसणार?

"बाजूला एक जुना बारका खड्डा पण आहे," ईश्वरभाऊ म्हणाले. "ठेवू का बुजवू?"

"सगळं बुजवा. हात फिरवला तर कुठेच काही लागलं नाही पाहिजे."

घासणं झालं, रंग झाला. रंग वाळल्यावर समाधान गाडी घेऊन पिंप्राळ्याला घरी आला. चारही काचा खाली केल्या, तरी वास जाईना. अंगणात येरझाऱ्या घातल्या. पत्रा फार नवा दिसायला लागला म्हणून त्याच्यावर मूठभर धूळ उडवली.

लीलाधर आला. पिशवी खाली ठेवली आणि सवयीने तळहात पत्र्यावर ठेवला. हात खांब लागलेल्या जागेवरून सरळ पुढे गेला. कुठे अडला नाही. समाधानने श्वास सोडला.

मग हात थांबला. मागे आला. लीलाधर अंगठ्याने एकच जागा चाचपायला लागला.

"आठला खड्डा कोठे गया?"

"कोणता, भाऊ?"

"गाडी उनी तवयना. मायना हातना नारळ दगडवर नही, आठे लागना व्हता."

गाडी घरी आली त्या दिवशी पूजेचा नारळ फोडताना मायचा नेम चुकला होता, त्याचीच ती खूण. माय आता नव्हती. खांबासाठी समाधानने दिवसभरात दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"काम सफाईनं शे," लीलाधर म्हणाला. त्याचा अंगठा अजून तिथेच फिरत होता.