लाकडी चमचा

“केमोपासून वरणभातसुद्धा लोखंडासारखा लागतो हो,” कर्करुग्णांच्या बैठकीत नवी मुलगी कुरकुरली, आणि दमयंतीबाईंचा हात आपसूक पर्सकडे गेला.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनीही हेच रडगाणं गायलं होतं. तेव्हा वच्छीमावशींनी, टकलावरचा रुमाल सावरत, स्वतःचा लाकडी चमचा त्यांच्या हातात कोंबला होता. “स्टीलच्या चमच्यानं खाऊ नकोस. आणि बरी झालीस की माझा चमचा आणून दे.”

दमयंतीबाई बऱ्या झाल्या, पण चमचा घ्यायला मावशी राहिल्या नव्हत्या. तेव्हापासून तो पर्समध्येच होता.

आज त्यांनी तो मुलीपुढे धरला. “स्टीलऐवजी यानं खात जा.”

“राहू दे काकू, मी विकत घेईन.”

“विकतचा परत द्यायला तू कशाला येशील?” त्या दटावून म्हणाल्या. “हा मला परत हवाय. तुझ्याच हातून.”