ऐनावरची अळंबी

दाजीपूरच्या रानात ऐनाच्या खोडाला फळीसारखी चिकटलेली अळंबी यामिनीने वाकून खालून पाहिली. तळाशी मधाच्या रंगाची बारीक छिद्रं, बडीशेपेचा वास. हीच ती जात. हिच्याच तंतूंचं ठिगळ तिच्या लेकीच्या, इराच्या फुप्फुसात विणलं होतं. ही फक्त मेलेलं लाकूड खाते, जिवंताला तोंड लावत नाही, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मामा, हा ऐन वठलाय ना? ही अळंबी मेलेल्या लाकडावरच येते." तिने वनरक्षक झोऱ्यांना विचारलं.

"वठतोय कशाला? वर बघा की ताई, पालवी फुटलीया."

तिने सुरीने साल खरवडली. आत ओलं, हिरवं लाकूड होतं आणि पांढरे तंतू त्यातच खोल शिरले होते.

"मग ही दुसरी कुठली अळंबी असंल," मामा तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले.

तिने घरी फोन लावला. ठिगळाआधी दोन पायऱ्यांत निळी पडणारी इराच बोलली. "आई, मी अख्खा जिना चढले. आजीच दमली, मी नाही."

"गुणाची गं माझी," यामिनी म्हणाली. तो मोकळा श्वास तिने क्षणभर नुसता ऐकला. "आता जरा खाली बैस, पिल्ला. आणि बाबांना फोन दे."