गोलसमोरचं गवत

“आपला फुटबॉल क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर चढल्याशिवाय मी मैदान सोडणार नाही,” असं माझा नवरा क्लिफर्ड पन्नास वर्षं म्हणत होता. तो गेला, तेव्हा मोसम सुरू होण्याआधी मी त्याची राख गोलसमोरच्या गवतात पुरली. मग दर सामन्याला त्याला भेटायला जात राहिले.

मे महिन्यात शेवटचा सामना जिंकून क्लब वर चढला. सगळं गाव मैदानात घुसलं. माझ्या गुडघ्यांना ते जमलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या एडनाने कुंपणावरून मातीसकट गवताचा तुकडा दाखवला. “आमच्या रॉनने आठवण म्हणून गोलसमोरून कापून आणला. सगळ्यांनीच नेलं गं, तिथे नुसता खड्डा उरलाय. तू काय, बाकावर अंडी उबवत होतीस?”



आता गल्लीत घरोघरी थोडा थोडा क्लिफर्ड आहे. फक्त माझ्याकडे नाही.