तेलाला हात लावायचा नाही

"बटण दाबलं की नुसतं..." होडीवाली सांगायला लागली, तर मिस्त्रीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

"रोग तुम्ही सांगू नका, बाई. इंजिन सांगेल. संध्याकाळी या."

"संध्याकाळी नक्की ना? काल तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मी नव्या वर्कशॉपकडेच निघाले होते. ओहोटीला इंजिन वर घेता येत नाही, पंखा चिखलात रुततो. माणसं बसवू कशी होडीत?"

"फोन वाजलाच नाही," मिस्त्री म्हणाला. "लाइन बिघडली असेल."

ती मान हलवत गेली. माणसं या काठावरून त्या काठावर नेण्यात तिचा जन्म गेला होता. आवाज असा, की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल.

लाइन कसली बिघडते! धंदाच बसला होता. दोन वर्षांपूर्वी भिंतीवरचा फोन जेवू द्यायचा नाही. आता दिवसचे दिवस मुका. दुकानाकडे चिटपाखरू फिरकत नव्हतं. त्यात घरी बायको. तीस वर्षं हळू बोलणारी बाई, पण हल्ली मीठ हवं का हेसुद्धा ओरडून विचारायची. पुरुषाची मिळकत आटली की घरातले आवाज चढतात म्हणतात. मिस्त्रीला ते फार लागायचं. बोलून दाखवायचा नाही, इतकंच.

शेजारचा बर्फवाला दुकानाची जागा मागत होता. हो की नाही, ते त्याला आजच्या आज हवं होतं. मिस्त्रीने मनाशी ठरवून टाकलं. हे इंजिन उठलं तर नाही म्हणायचं. नाही उठलं तर किल्ली द्यायची.

तो होडीत उतरला. इंजिन जुनं, त्याच्याच हाताखालून दोनदा गेलेलं. होडीच्या शेपटाला इंजिन, त्याला वर-खाली करणारा तेलाचा पंप तिथेच, आणि बटण मात्र पुढे, सुकाणूपाशी. हाताखालचा माणूस नव्या वर्कशॉपला गेल्यापासून सगळं एकट्यानेच करायचं. त्याने बटण दाबलं आणि श्वास रोखून उभा राहिला.

वस्तादाने शिकवलं होतं, आधी ऐकायचं. पंप गुरगुरतोय पण इंजिन उठत नाही, तर दोष तेलाचा. तेल कमी असेल, नाहीतर झडपेचा स्क्रू सैल असेल. पंप गप्प असेल तर दोष विजेचा, मग तेलाला हात लावायचा नाही. उगाच रोग म्हशीला आणि औषध पखालीला! या एका नियमावर मिस्त्रीने चाळीस वर्षं काढली होती. नव्या वर्कशॉपातली पोरं कॉम्प्युटर जोडून दोष शोधतात, त्यांची तो मनसोक्त टिंगल करायचा.

पंप गप्प होता.

मिस्त्रीने फ्यूज पाहिला, ठीक होता. रिले बदलला. पुन्हा पुढे जाऊन बटण दाबलं. गप्प. पंपाकडे जाणारी वायर हिरवी पडली होती, ती काढून नवी टाकली. तरी गप्प. मग पंपाच्या तोंडाशी छोटा बल्ब लावला आणि बटण दाबलं, तर बल्ब लख्ख पेटला. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती आणि पंप ढिम्म.

त्याने पंपाची मोटर सोडवून दुकानात नेली, कार्बन साफ केले, बॅटरीला जोडली. मोटर गरगर फिरली. मिस्त्रीला इतका आनंद झाला की जेवायचं राहिलं आहे हे तो विसरला. मोटर परत बसवली, पुढे गेला, बटण दाबलं.

काही नाही.

दुपार टळली. झडपेचा स्क्रू समोरच होता. एकदा पेचकस तिकडे गेलाही, पण त्याने तो मागे घेतला. म्हातारपणी वस्तादाचा शब्द मोडायचा? आणि तोही चार दिवसांच्या पोरांसारखा, अंदाजपंचे?

चारच्या सुमाराला त्याने हात टेकले. इंजिनावर राग नव्हता. स्वतःची लाज वाटत होती. टेबलावर फिरणारी मोटर होडीत का फिरत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने मिस्त्री म्हणवून घेऊ नये. तो बर्फवाल्याकडे गेला आणि किल्ली पुढे केली. बर्फवाला लाद्यांवर भुसा टाकता टाकता पाठमोराच काहीतरी पुटपुटला. वाईट वाटतंय, असं म्हणाला असावा. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

पाच वाजता बायको चहा घेऊन आली. गुंडाळलेली हत्यारं बघून तिने थर्मास खाली ठेवला.

"काय झालं?" ती ओरडली.

"ओरडू नकोस. दिलं दुकान."

ती होडीशेजारच्या पायरीवर बसली. तेवढ्यात होडीवालीही आली.

"बाई, तुमचा पंप मेलाय," मिस्त्री म्हणाला. "कशानं, ते मला सापडत नाही. माझ्या हातात काही राहिलं नाही आता. न्या नव्या वर्कशॉपला."

"मेलाय?"

"खोटं वाटतं? जा, दाबा बटण. दाबून धरा."

होडीवाली होडीत उतरली, पुढे गेली आणि तिने बटण दाबून धरलं. मिस्त्री इंजिनापाशी वाकला. नेहमीसारखा डावा कान त्याने पंपाकडे केला, डोळे मिटले.

"बघा," तो म्हणाला. "आहे का काही जीव?"

त्याने डोळे उघडले तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. होडीवालीचा अंगठा बटणावरच होता.

बायको पायरीवरून उठली, तोल सांभाळत होडीत उतरली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. या वेळी ती ओरडली नाही. तिने त्याचा तेलकट हात धरला आणि पंपावर ठेवला.

हाताखाली पंप थरथरत होता.