संत्र्याचं माहेर

रोहण्याच्या रुख्माबाईंना सासरी चाळीस वर्षांत कोणी नावानं हाक मारली नव्हती. माहेर अल्लीपूर, म्हणून त्या अल्लीपूरवाली. महिन्यापूर्वी घरात आलेली सूनही तशीच हिंगणीवाली झाली, आणि आपलं नाव एकदा तरी कानावर पडावं म्हणून मनातल्या मनात झुरू लागली.

एक दिवस सेवाग्रामला आलेले तीन युरोपी पाहुणे रुख्माबाईंची संत्र्याची बाग पाहायला आले. त्यांनी एकेकाच्या हातावर संत्रं ठेवलं. "इचार वं हिंगणीवाली तुह्या इंग्रजीत, यायच्या इकडे याले काय म्हणतेत?"

सून विचारून सांगू लागली. "हॉलंडचे म्हणतात, चीनचं सफरचंद. ग्रीसच्या बाईंचा शब्द पोर्तुगालच्या नावावरून आलाय. आणि स्पेनचे म्हणतात नारांहा. ते आपलंच नारिंग आहे, आई. मुलखामागून मुलूख ओलांडत तिथवर पोचलं."

"अव माय! इतक्या दूर?" रुख्माबाई हातातल्या फळाकडे पाहतच राहिल्या. "बाकीच्यायनं गावाचं नाव लावलं, अन् एकानं याचं सोताचं नाव जपून ठेवलं."

मग टोपलीतलं सगळ्यात मोठं संत्रं निवडून त्यांनी सुनेपुढे धरलं.

"घे, रक्षा."